जेवायच्या हाताकडचा डोळा

माशीचं काम मी फार छान करत असे. हे माझ्याच तोंडानं सांगावं लागतंय, कारण माझे प्रेक्षक तेव्हा सहा ते आठ वर्षांचे होते, आणि आता त्यांना मिशा फुटून ते लष्करात गेले आहेत. लष्करातला जवान कशाला कबूल करेल, की त्याला डोळे धुवायला एका माशीनं शिकवलं?

वेशभूषा सोपी होती. नवऱ्याचा काळा पायमोजा डोक्यावर ओढायचा, चहाच्या दोन गाळण्या डोळ्यांवर बांधायच्या आणि पाठीला जुन्या पडद्याचे पंख लावायचे. मग भुणभुणत वर्गात शिरायचं. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या चिकट डोळ्यापाशी बसायचं, मिटक्या मारत "वा, काय चव आहे!" म्हणायचं, आणि तेच पाय घेऊन शेजारच्या मुलीच्या स्वच्छ डोळ्याकडे निघायचं. तोवर सगळा वर्ग बाकांवर चढलेला असे. "तिच्यावर नको! तिच्यावर नको!" मग कोणीतरी साबण घेऊन धावे, कोणी पाण्याचा तांब्या, आणि मी वर्गाच्या मधोमध पाय झाडत मरे. मरायला मला चांगली तीन मिनिटं लागत. आमच्या मुख्याध्यापिका रुमेनियाच्या, कडक इस्त्रीच्या बाई. त्या दारात उभ्या राहून म्हणत, "आहोत, ही शाळा आहे, नाट्यगृह नाही."

हिब्रूत नर्सला 'आहोत' म्हणतात. मुलं मला मधल्या सुट्टीत हाका मारत, "आहोत! आहोत!", आणि माझ्या ठाण्याच्या कानांना वाटे, हो रे बाबांनो, इथंच आहोत, जातो कुठं?

आणि खरंच, जाणार कुठं? सत्तरच्या दशकातलं इस्राएलमधलं ओफाकिम म्हणजे नेगेव वाळवंटाच्या मातीत ओळीनं उभ्या केलेल्या सरकारी इमारती, एक कापडाची गिरणी, एक बाजार आणि बाकी वारा. मुंबईला नर्सिंग शिकून, लग्न करून, नवऱ्याचा हात धरून मी इथं आले होते. लहानपणी मला नाटकात जायचं होतं. वडील म्हणाले होते, "आधी पोटापाण्याचं शीक, मग तोंडाला रंग लाव." पोटापाण्याचं शिकले, आणि रंग राहून गेला तो असा पायमोज्यातून बाहेर आला.

वाळू, माश्या आणि एकाच टॉवेलला तोंड पुसणारी सात-सात भावंडं, एवढं असलं की डोळ्यांना खुपऱ्या व्हायला आणखी काही लागत नाही. मोठ्यांमध्ये असे कितीतरी जण होते, ज्यांच्या डोळ्यांची लहानपणी दुसऱ्या देशात अशीच नासाडी झाली होती. मुलांचं तसं होऊ नये म्हणून मी वर्गावर्गातून शिकवत फिरे: ज्याचा त्याचा टॉवेल, ज्याचा त्याचा रुमाल, आणि एका डबीतलं काजळ सगळ्या घरानं घालायचं नाही. मोरोक्कोच्या आज्यांचा सुरमा आणि आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, आज्यांचं काजळ यांच्याशी मी एकाच वेळी वैर घेतलं होतं. बाजारात दोन्ही प्रकारच्या आज्या माझ्याकडे सारख्याच नजरेनं बघत.

मी ही गोष्ट सांगायला लागले की त्यातली एक आजी आजही माझ्यासमोर येऊन बसते. अलिबागच्या बाजूच्या एका गावची, नऊवारीतच राहिलेली, पायात मात्र इथले जाड मोजे. मुलगा आणि सून दोघंही गिरणीत पाळीवर. घरात ही आणि हिची नात. नात दुसरीत, सात वर्षांची, वेण्या घट्ट, बोलणं त्याहून घट्ट. आजी मराठीत विचारी आणि ती हिब्रूत उत्तर देई. दोघींचं त्यात काही अडत नसे.

वर्षातून एकदा मी दुसरीच्या मुलांचे डोळे तपासत असे. भिंतीवर तक्ता, त्यावर फणीसारखी खूण, कधी दात वर, कधी खाली, कधी या बाजूला, कधी त्या. वरच्या ओळीत फणी मोठी, खाली खाली बारीक. मुलानं एक डोळा झाकायचा आणि फणीचे दात जिकडे असतील तिकडे तीन बोटं करायची. मुलं हातानं डोळा झाकतात आणि बोटांच्या फटीतून बघतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून मी घरचा वरण वाढायचा लाकडी डाव आणला होता. डाव डोळ्यावर धरला की फट नाही.

या मुलीनं डाव डाव्या डोळ्यावर धरला आणि शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बिनचूक दाखवलं. डाव उजव्या डोळ्यावर धरला आणि ती गप्प झाली.

"फणी कुठंय?" मी विचारलं.

"कुठली फणी?"

"सगळ्यात वरची. मोठी."

ती हसली. मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं. त्या डोळ्यानं तिला तक्ताच धड दिसत नव्हता, आणि सगळ्या जगाला दुसऱ्या डोळ्यानं असंच दिसतं अशी तिची समजूत होती.

जवळच्या बेरशेवा शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. हे अर्जेंटिनाहून आलेले, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, डोळा आतून चांगला आहे, पण आळशी आहे. उजवा सगळं काम करतो, म्हणून डावा बघायला शिकलाच नाही. चष्मा द्यायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज दुपारपासून संध्याकाळपर्यंत पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशाला उठावं लागेल. "पण सात वर्षं झालीत," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "आणखी उशीर झाला, तर हा डोळा शिकायचाच नाही. मग आयुष्यभर एकाच डोळ्याचा भरवसा. त्याला काही झालं, तर आंधळी. तीन महिन्यांनी आणा. बदल दिसला तर पुढं जाऊ. नाहीतर उगाच पोरीला छळायचं नाही."

तीन महिने! मी परतीच्या बसमध्येच ठरवलं, हे माझं नाटक. यात पडदा मीच उघडणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी पट्ट्यांचं खोकं घेऊन मी त्यांच्या घरी गेले. आजी पलंगावर बसून नातीच्या वेण्या घालत होती. नात तिच्या मांडीत, माझ्याकडे तोंड करून. पट्टी पाहिल्याबरोबर पोरीनं भोंगा पसरला. चिकटतं, ओढतं, शाळेत हसतील, मी नाही लावणार. आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, आधी काजळ काढलंस, आता डोळाच झाकतेस. उद्या नाक कापायला येशील."

मी काय केलं असेल? शहाण्या नर्सनं पुढं होऊन पोरीच्या डोळ्यावर स्वतः पट्टी लावली असती. पण समोर दोन प्रेक्षक बसलेले. मी एक पट्टी घेतली आणि झोकात माझ्याच उजव्या डोळ्यावर चिकटवली. मग एका डोळ्याची सरदारीण झाले. कमरेवर हात ठेवून खोलीभर फिरले, कपाटाला धडकले, कपाटाची माफी मागितली, मोरीतल्या बादलीला "कोण आहेस तू? शत्रू की मित्र?" म्हणून दरडावलं. पोरगी रडता रडता हसायला लागली. आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

"आता हिला लावा," मी म्हटलं, "माझ्यासारखी. रोज शाळेतून आली की लगेच, दिवेलागणीपर्यंत."

आणि टाळ्या घेऊन, म्हणजे चहा घेऊन, मी निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा आजी मागून हात घालून पट्टीचा कागद सोलत होती. किती गोड दिसत होत्या दोघी! पट्टी लागेपर्यंत मी थांबले नाही. चांगला नट वेळेवर निघून जातो.

शाळेत पोरगी पट्टीशिवाय येई, त्यामुळे मला ती पट्टीत कधी दिसली नाही. मी रोज विचारी, "लावतेस ना?" "लावते." "दिवेलागणीपर्यंत?" "हो, आहोत." सहा आठवडे झाले. मग एका सकाळी मी तिला खोलीत बोलावून डाव तिच्या उजव्या डोळ्यावर धरला.

"फणी कुठंय?"

"कुठली फणी?"

पहिल्या दिवशी दिलेलं उत्तर. तेच शब्द, तेच हसू.

मला आजीचा असा राग आला! लावतच नसणार. माझ्या पाठीमागे पट्टी काढून टाकत असणार. मी त्याच दुपारी, न सांगता, त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. जिना चढताना आख्खं भाषण मनात तयार केलं होतं.

दार उघडंच होतं. पोरगी जमिनीवर बसून बारीक मणी ओवत होती. नव्या चष्म्याखाली पट्टी लावलेली होती. भराभर, एकही मणी न चुकता ओवत होती. मला पाहून उठली, स्टूल चुकवून धावत आली. आणि पट्टी तिच्या डाव्या डोळ्यावर होती. आळशी डोळ्यावर. सहा आठवडे तो दुपारभर पट्टीखाली झोपला होता.

"आजी!" मी म्हटलं. "काय केलंत हे? अधू डोळ्याची कीव आली म्हणून पट्टी बदललीत?"

आजी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काय बदललं मी?"

"डोळा! चांगला झाकायचा होता. तुम्ही वाईट झाकलात!"

"मी?" आजी शांतपणे म्हणाली. "मला काय ठाऊक गो कुठला झाकायचा? मी खेड्यातली. तू जसा दाखवलास तसा झाकला. मला बरंही वाटलं, की शिकलेली बाई अधू डोळ्याला विश्रांती देते आहे."

"मी असा नाही दाखवला!"

"बस तिथं," आजीनं समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. स्वतः पलंगावर बसली, नातीला मांडीत घेतलं, तोंड माझ्याकडे. "आता लाव तुझ्या डोळ्याला. लावलीस तशी."

मी माझ्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला. आजीनं नातीच्या पाठीमागून हात पुढं आणला आणि आरशात दिसावं तशी, माझ्या हाताच्या बरोबर समोर, नातीच्या डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"हाच ना?"

  रोजची वेणी, रोजची पट्टी, आजी सगळं करी ते मागून, नातीला मांडीत घेऊन. आमच्याकडच्या कुठल्याही आजीला मी डोळे मिटून ओळखावं असं ते बसणं, आणि मला ते दिसलंच नाही, कारण मी स्वतःकडे बघत होते.

"आजी," मी म्हटलं, "चूक माझी आहे."

मला वाटलं, आता ही मला धुऊन काढेल. काजळाचे सगळे हिशेब चुकते करेल. पण नातीची वेणी सारखी करत ती म्हणाली, "किती दिवस गेले?"

"सहा आठवडे."

"राहिले किती?"

"तेवढेच."

"मग रडतेस काय? कुठला झाकायचा तो नीट सांग. डावा-उजवा करू नकोस, समोरासमोर त्याचा गोंधळच होतो."

मी विचार केला. "हिचा जेवायचा हात आहे ना," मी म्हटलं, "त्या हाताकडचा डोळा झाकायचा."

"असं बोल की," आजी म्हणाली. "जेवायच्या हाताकडचा. आता आंधळ्यानं लावली तरी चुकायची नाही."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून बेरशेवाला फोन केला आणि डॉक्टरांना खरं ते सांगितलं.  मग ते म्हणाले, "आता वेळ दुप्पट करा. शाळेतसुद्धा." तारीख मात्र बदलली नाही.

आणि खरा त्रास तेव्हा सुरू झाला. आधीची पट्टी म्हणजे खेळ होता, ही शिक्षा होती. पोरगी पहिल्याच दिवशी दाराच्या चौकटीला धडकली. दूध सांडलं. वहीत ओळी एकमेकींवर चढल्या. वर्गात एकानं "काणी" म्हटलं. त्याला मी माझ्या खोलीत बोलावून अर्धा तास पट्टी लावून बसवलं आणि सुईत दोरा ओवायला दिला. तो रडत बाहेर गेला आणि पुन्हा काही बोलला नाही. पण घरी मी काय करणार? चौथ्या दिवशी आजीच मला जिन्यात भेटली. तिच्या हातात पट्ट्यांचं खोकं होतं.

"हे घेऊन जा, बाय. पोर भिंती चाचपत फिरते. मला बघवत नाही. एक डोळा पुरे झाला तिला. माझी आई एका डोळ्यानं नव्वदीपर्यंत भात लावायची."

मी खोकं घेतलं नाही. जिन्यातच खालच्या पायरीवर बसले.

"आजी, तुमच्या घरी जावई आला होता कधी मुक्कामाला?"

"आला होता की. तीन महिने. मेला हलत नव्हता."

"आणि पाणी कोण भरायचं?"

"सून."

"चहा?"

"सून. हा पलंगावरून म्हणायचा, साखर कमी आहे."

"हा डावा डोळा आहे ना, तो तुमचा जावई आहे. उजवा डोळा सून. ती बिचारी सकाळपासून सगळं बघते, म्हणून हा पडून आहे. त्याचे पाय चांगले आहेत, हात चांगले आहेत, डॉक्टरांनी बघितलंय. आपण फक्त सुनेला चार दिवस माहेरी पाठवायचं. मग तो ओरडेल, चहा सांडेल, भिंतीला धडकेल. पण आजी, तहान लागली की विहिरीवर जाईल की नाही?"

आणि मी उठून जावई झाले. पायरीवर लोळले, जांभई दिली, रिकाम्या घरात सुनेला हाका मारल्या, कळशीचा कान कुठला ते शोधलं, पाणी पायावर सांडलं, आणि शेवटी एक पेला भरून आणला तेव्हा असा रुबाब केला, की जणू नदीच आणली. वरच्या मजल्यावरची ट्युनिशियाची शेजारीण कठड्यावरून वाकून बघत होती. तिला एक शब्द कळत नव्हता, पण टाळ्या तिनंच वाजवल्या.

आजी हसत नव्हती. ती खोक्याकडे बघत होती.

"पाय चांगले आहेत म्हणतेस ना?"

"चांगले आहेत."

"मग मेल्याला उठवलंच पाहिजे," असं म्हणून ती खोकं घेऊन वर गेली.

पुढं जे तिनं केलं ते मला कोणत्याही पुस्तकात शिकवलं नव्हतं. दोन दिवसांनी गेले तर नात सूप पुढ्यात घेऊन बसली होती. गावाहून आणलेलं वेताचं सूप, त्यात तांदूळ, आणि पोरगी एका डोळ्यानं, नाक तांदळाला टेकवून, तांदूळ निवडत होती.

"आजी, इथल्या तांदळात खडे असतात?" मी विचारलं. "दुकानातलं पाकीट तर स्वच्छ असतं."

"मी घालते," आजी म्हणाली.

रोज सकाळी ती पाकिटातला स्वच्छ तांदूळ सुपात ओते आणि त्यात स्वतः घाण करी. पहिल्या दिवशी राजमा. राजमा दिसायला लागला तसे हरभरे. मग मसूर. मग मिरीचे दाणे. पोरगी कंटाळली की आजी तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन डाव्या डोळ्याला सांगे, "ऊठ रे जावया, तुझ्या सासूचा स्वयंपाक अडलाय." पोरगी हिब्रूत ओरडे, "तो उठलाय, सावता!" सावता म्हणजे आजी. हळूहळू ते नाक तांदळापासून वीतभर वर आलं. घरच्या खऱ्या सुनेला संशय आला होता, कारण घरात रोज भातच होता.

मी रोज संध्याकाळी जायला लागले. खोटं कशाला बोलू, मला झोप लागत नव्हती. त्या घरी सुपाशेजारी बसलं की बरं वाटे. आजीनं एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाच्या संदेष्ट्याला, गोड पोह्यांचा मलिदाही बोलून ठेवला होता. मला म्हणाली, "तुझ्या चुकीचाही त्यातच धरलाय. वेगळे पोहे भिजवायची गरज नाही."

तीन महिने भरले त्या दिवशी आम्ही तिघी बसनं बेरशेवाला गेलो. आजीनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. डॉक्टरांनी मुलीला स्टुलावर बसवलं, जेवायच्या हाताकडचा डोळा झाकला. आजीला मागं खुर्ची दिली. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

पहिली ओळ. पोरीनं बोटं वर केली. बरोबर. दुसरी ओळ, बरोबर. तिसरी. चौथी. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. पाचवी ओळ बारीक, तीही बरोबर. मागून आजीचं हलक्या आवाजातलं गुणगुणणं चालू होतं, डोळे अर्धे मिटलेले, हात जोडलेले, प्रार्थनेची चाल. डॉक्टर माझ्याकडे झुकून आदरानं म्हणाले, "आजी प्रार्थना करताहेत."

मी ऐकलं. प्रार्थनेच्या चालीवर आजी म्हणत होती, "वर गो, वऽऽर. आता खाली. जेवायच्या हाताला, जेवायच्या हाताऽऽला. पुन्हा खाली."

आजीची लांबची नजर घारीची होती. तक्ता तिला स्वच्छ दिसत होता.

सहावी ओळही बरोबर आली. डॉक्टरांनी पेन उघडलं. "अविश्वसनीय," ते म्हणाले. "दोन्ही डोळे जवळजवळ सारखे. पट्टी थांबवायला हरकत नाही."

मी गप्प राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही, पण राहिले हे लिहून ठेवते. कारण त्या कागदावर ते लिहिलं गेलं असतं, तर माझे सहा आठवडे पुसले गेले असते. कोणाला कधी कळलं नसतं. आजी माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. नात पास व्हावी एवढंच होतं. आणि कदाचित मीही व्हावं.

पण पट्टी थांबली, तर जावई पुन्हा पलंगावर.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पुन्हा एकदा बघा. आजी बाहेर बसतील."

आजीला हिब्रू फारसं येत नव्हतं, पण हे कळलं. उठताना माझ्या कानाशी म्हणाली, "फितूर!" आणि पदर सावरून बाहेर गेली. दार मात्र पूर्ण लावलं नाही. फटीत नऊवारीचा काठ दिसत राहिला.

डॉक्टरांनी दुसरा तक्ता लावला. पहिली ओळ. बोटं वर, लगेच. दुसरी, लगेच. तिसऱ्या ओळीला पोरगी थांबली, मान जरा कलती केली, आणि बोटं फिरवली. बरोबर.  सहा आठवड्यांपूर्वी या डोळ्याला भिंतीवर काय टांगलंय ते कळत नव्हतं.

चौथी ओळ. ती पुढं वाकली. डॉक्टरांनी काडीनं फणी दाखवली.  दाराच्या फटीतून कोकणातला दबका आवाज आला, "खाली गो, बाय! खाली!"

"सावता, शेकेत!" पोरगी मान न वळवता कडाडली. म्हणजे गप्प बस. आणि मग, जी कधी घरात एक मराठी वाक्य पुरं बोलायची नाही, ती म्हणाली, "खाली नाहीये. वर आहे. मला दिसतंय."

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. मी पाहिला. फणीचे दात वर होते. दाराच्या फटीतून आजीला तक्ता दिसतच नव्हता. ती अंदाजानं ढकलत होती.

"काय म्हणाल्या त्या?" डॉक्टरांनी मला विचारलं, आणि मग मला सगळंच सांगावं लागलं, प्रार्थनेसकट. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. पाचवी ओळ पोरीला आली नाही. "धुरकट आहे," तिनं सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर चार ओळी लिहिल्या, पट्टी चालू, पुन्हा तीन महिन्यांनी. पुढं ती पट्टी वर्षभर चालली. डोळा उजव्याच्या बरोबरीला कधी आला नाही, पण चष्मा लावून तो आज वर्तमानपत्र वाचतो, आणि एकट्यावर वेळ आली तर संसार चालवील इतपत हुशार झाला.

बाहेर बाकावर आजी तोंड फिरवून बसली होती. मी शेजारी बसले. पोरगी डॉक्टरांकडून मिळालेली गोळी चोखत दोघींच्या मधे घुसली.

"किती?" आजीनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"चार ओळी. तिच्या तिनं."

"मी सहा काढून दिल्या होत्या."

"हो, आजी."

 आजी नातीच्या कपाळावरचे केस मागं सारत म्हणाली, "उद्यापासून मोहरी घालते."